नऊ नंबरचा ताप

१

दर पंधरवड्याला आष्ट्याच्या त्या घरात एक पोस्टकार्ड यायचं आणि ते वाचून दाखवायचं काम विजयमालाचं असायचं. आबांना, म्हणजे तिच्या वडलांना, भाऊसोंना, अक्षर लागत नव्हतं. म्हशीची धार काढून झाली की ते हात धुऊन उंबऱ्यावर बसत आणि म्हणत, "हं, वाच."

कार्ड आत्तीचं असे. आत्ती म्हणजे आबांची धाकटी बहीण, बनुबाई. तिला वडूजला दिली होती. छातीचा विकार निघाला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, नाथाजीनं, तिला सांगलीपलीकडच्या माळावर क्षयाच्या आरोग्यधामात नेऊन ठेवलं. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. मधल्या काळात नाथाजीनं दुसरा संसारही मांडला होता. त्यामुळे आत्तीची कार्डं सासरी न जाता माहेरीच येत.

तिला लिहिता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची महेजबीन तिचं कार्ड लिहायची. ही मिरजेच्या एका सतार करणाऱ्या कारागिराची मुलगी. तिच्या ओळी तारा ओढल्यासारख्या सरळ असत. दूध किती मिळतं, अंडं कधी मिळतं, थंडी कशी आहे, आणि शेवटी दोन ओळी तापाच्या. सकाळी नव्व्याण्णव, दुपारी एकशे एक. आबांना त्या आकड्यांतलं काही कळत नसे. पण एक आकडा त्यांनी पाठ केला होता. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. तिथला नियमच होता की सलग सात दिवस, सकाळी आणि दुपारी, पारा तिथंच थांबला तर पुढच्या सोमवारच्या मोटारीनं माणसाला घरी सोडायचं.

आत्तीनं एकदा तीन दिवस त्या आकड्यावर काढले होते. तेवढ्यावर आबांनी नवी वाकळ शिवून घेतली. मोटार स्टँडवरून घरापर्यंत बैलगाडीत आणायची तर तिला हिसके बसू नयेत म्हणून. चौथ्या दिवशी पारा एकशे दोनवर गेला. वाकळ घडी करून पेटीवर पडून राहिली.

दिवाळीनंतरच्या कार्डांत एक ओळ वाढली होती. "विजाचं पोट बरं झालं का?" आबांना वाचून दाखवताना विजयमाला ती ओळ गाळायची.

२

तिचं पोट कधी दुखलंच नव्हतं.

पावसाळ्यात आबा तिला एकदा आत्तीला भेटायला घेऊन गेले होते. लांबच लांब उघडी पडवी, बारा लोखंडी खाटा, बारा बायका. नऊ नंबरच्या खाटेवर आत्ती बसली होती. हाडांचा सापळा झाला होता, पण हसली की जुनीच आत्ती दिसायची. तिनं खाटेच्या कडेवर हात थापटला आणि म्हणाली, "बस की गं हितं." विजयमाला खांबाला धरून उभी राहिली. खाटेखाली झाकणाचा डबा होता, त्यात आत्ती थुंकायची. तिचं सगळं लक्ष त्या डब्याकडे. आत्तीनं दुसऱ्यांदा हात थापटला नाही. ती आबांशी बोलत राहिली आणि तिचा हात तसाच त्या रिकाम्या जागेवर पडून राहिला.

भाऊबीजेला आबा निघाले तेव्हा विजयमालानं पोट धरलं. चौदा वर्षांची मुलगी खोटं बोलेल असं आबांच्या मनातही आलं नाही. त्यांनी आत्तीला खरं म्हणून सांगितलं, आणि आत्तीही खरं मानून दर कार्डात चौकशी करत राहिली.

पौषात आत्ती गेली. रविवारी पहाटे. तार गेली वडूजला, कारण दप्तरात नवऱ्याचा पत्ता होता. नाथाजी स्वतः निघाला नाही. त्यानं एक माणूस आष्ट्याला पाठवला, तो सोमवारी दिवेलागणीला पोचला. निरोप एवढाच होता, की आमचं जाणं व्हायचं नाही, माहेरची साडी घेऊन तुम्हीच जावं.

सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडावी लागते. भावानं आणायची, हिरवी. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी कापड रेशनवरच होतं. आबांनी सिकंदर कापडवाल्याचं घर गाठलं. त्यानं लेकीसाठी राखून ठेवलेली नऊवारी काढून दिली. सकाळच्या मोटारीनं आबा आणि विजयमाला निघाले. तिथं कागद वाचावे लागतील, म्हणून तिला घेतलं होतं. साडीचं गाठोडं तिच्या मांडीवर होतं. सगळ्या वाटेत तिच्या मनात एकच होतं. या वेळी खांबापाशी थांबायचं नाही. साडी आपल्या हातानं आत्तीच्या अंगावर घालायची.

३

त्यांना उशीर झाला होता.

तिथली सिस्टर बोलायला शांत होती. तिनं आबांना खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत नातेवाइकांची वाट बघतात. कोणी आलं नाही तर संस्थाच अग्नी देते; काल सांजेला दिला. जोतिबा नावाचा वॉर्डातला माणूस ते करतो, नीट करतो, नारळ फोडून, तोंडात पाणी घालून. अंथरूण आणि कपडे जाळावे लागतात. धातूच्या वस्तू उकळून परत देतात. उद्या तिसरा दिवस, तेव्हा राख सावडून मगच जावं. तोवर पाहुण्यांच्या खोलीत राहता येईल.

आबांनी एकच विचारलं. "अंगावर काय व्हतं तिच्या?"

"चादर," सिस्टर म्हणाली. मग दप्तर मिटत म्हणाली, "पांढरी. आमच्याकडे तीच असते."

आबांनी मान हलवली. सवाष्ण बहीण पांढऱ्यात गेली, आणि हिरवी साडी लेकीच्या मांडीवर. ते उठून बाहेर गेले. पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना तसं बसलेलं विजयमालानं कधी पाहिलं नव्हतं.

वस्तूंचा डबा तिनंच ताब्यात घेतला. एक तांब्या, जोडवी, कुंकवाची पितळी डबी. आणि एक कागद. आत्तीच्या खाटेच्या पायथ्याशी फळीवर लावलेला असायचा तो, तापाचा. चौकटीचौकटींच्या कागदावर ठिपके आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ. दोन वर्षं डोंगर चढत-उतरत आलेली ती रेघ शनिवारी दुपारी एकशे तीनवर पोचली होती. विजयमालाला वाटलं, इथं संपणार.

रेघ पुढं गेली होती. रविवार सकाळी एकदम खाली. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. रविवार दुपार, तेवढंच. सोमवारी दोन ठिपके, मंगळवार सकाळचा एक. सपाट, शेताच्या बांधासारखी रेघ.

तिनं कागद सिस्टरपुढं धरला. त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. सिस्टरनं पाहिलं. ठिपके तिच्याच हातचे होते.

"सवयीनं झालं असेल," ती म्हणाली. "बारा खाटा, बारा ठिपके. हात चालत राहतो." तिनं पेन्सिल घेऊन ते पाच ठिपके खोडले. पेन्सिल खाली ठेवताना मात्र तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं.

४

दुपारी चारला ताप बघतात. त्याआधी दोन तास पडवीत कोणी बोलायचं नसतं. विजयमाला पायऱ्यांवर बसून राहिली. आत बारा खाटांपैकी नववी उघडी होती. गादी जाळून टाकलेली, नुसत्या लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्यांतून खालची फरशी दिसत होती.

तिच्याकडे लक्ष गेलं ते महेजबीनचं. आठ नंबरची खाट तिची. बारीक, मोठ्या डोळ्यांची, विशी-बाविशीची मुलगी. तिनं हातानंच खूण करून जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की बनुमावशी जाताना त्रास झाला नाही, झोपेतच गेल्या. मग तिनं विचारलं,

"तुला ऐकू येतंय का गं?"

"काय?"

"खाट. माझ्या अब्बांच्या दुकानात मी तारा लावायला बसायची. मी आवाज विसरत नाही. मावशी कुशीवर वळल्या की खाट एक सूर द्यायची. दोन वर्षं ऐकलाय मी तो." तिनं रिकाम्या पट्ट्यांकडे पाहिलं नाही. "अजून देते."

लोखंड आहे, विजयमालानं मनाशी म्हटलं. दिवसा तापतं, सांजेला निवतं, वाजतं. शाळेत शिकवलं होतं तसं.

चार वाजले. राहीबाई नावाची म्हातारी आयाबाई काचेचा पेला घेऊन आली. पेल्यात औषधाच्या पाण्यात थर्मामीटर उभे होते. एकेका बाईच्या जिभेखाली एकेक ठेवत ती पडवीभर गेली. तोंडात काच घेऊन अकरा बायका गप्प पडून राहिल्या. तेवढा वेळ कोणी खोकलंसुद्धा नाही. पेल्यात एक थर्मामीटर उरला.

परत येताना राहीबाईनं सगळे गोळा केले. सिस्टर एकेक उजेडात धरून आकडा भिंतीवरच्या पाटीवर लिहीत होती. अकरा झाले. बारावाही तिनं सवयीनं उचलला, उजेडात धरला आणि तसाच पुन्हा पेल्यात ठेवला.

"झटकायचा राहिला असंल सकाळधरनं," राहीबाई म्हणाली.

विजयमाला उठून जवळ गेली. आपण असं कसं केलं हे तिला नंतर आठवून नवल वाटलं. तिनं बारावा थर्मामीटर उचलला. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर होता. तिनं सिस्टरकडे बघितलं, सिस्टरनं मान डोलावली. मग तिनं मनगटानं झटका दिला, एकदा, दोनदा, पाच वेळा, पारा पार खाली पंच्याण्णवच्या आत जाईपर्यंत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. स्वतःच्या हातानं पेल्यात ठेवला. पेला राहीबाईनं कपाटात ठेवला, सिस्टरनं कुलूप लावलं.

"झालं," सिस्टर म्हणाली. विजयमालालाही वाटलं, झालं.

५

बुधवारी उजाडताच जोतिबा आबांना घेऊन ओढ्याकाठी गेला. बायामाणसांनी यायचं नाही म्हणून विजयमाला मागं राहिली. सहा वाजता ती पडवीत जाऊन उभी राहिली. कुलूप निघालं, पेला निघाला. राहीबाईनं बारावा थर्मामीटर स्वतःच उचलून बघितला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण वीस-पंचवीस वर्षं त्या पडवीत घालवल्यावर पारा कुठं उभा आहे ते तिला न वाचता कळत असे. तिनं तो विजयमालाच्या हातात दिला.

औषधाच्या पाण्यानं काच गार होती. पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर होता.

थंडीची सकाळ. कपाटात रात्रभर पाणी बर्फ होईल इतकं गार. पारा चढेल कशानं? तिनं खूप विचार केला. कोणीतरी कुलूप काढलं असेल. कोणाला तरी ताप बघावासा वाटला असेल. पण अकराच्या अकरा बायकांच्या अंगात थोडातरी ताप होताच. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार तिथं कोणाचाच नव्हता. तो आकडा मिळावा म्हणून तर सगळ्या तिथं झोपून होत्या.

"लई वाट बघितली गं तिनं ह्या आकड्याची," राहीबाई म्हणाली आणि पेला घेऊन एक नंबरच्या खाटेकडे गेली.

सांगलीत मोटार बदलायची होती. मधल्या वेळात आबा कृष्णेच्या घाटावर उतरले. राख सोडली. मग त्यांनी साडीचं गाठोडं मागितलं. नदीत सोडली तर निदान तिच्यापाठोपाठ जाईल, असं जोतिबानं सुचवलं होतं.

विजयमालानं गाठोडं घट्ट धरलं. "आबा, नगो."

"का गं?"

"ऱ्हाऊ द्या," एवढंच ती म्हणाली. आबांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मग ओल्या पायांनी पायऱ्या चढून वर आले.

६

कार्ड पुढच्या सोमवारी सकाळी आलं. पोस्टमननं नेहमीसारखं ओट्यावर टाकलं. आता कोणाचं येणार, म्हणून आबा धारेवरून उठले नाहीत. अक्षर तारांसारखं सरळ होतं. विजयमालानं मोठ्यानं वाचलं.

"भाऊसोमामांस महेजबीनचा आदाब. लिहावं की नाही, दोन दिवस ठरेना. सिस्टरनी बारावा थर्मामीटर वेगळा काढून आपल्या खोलीत पेटीत ठेवला आहे. त्या कोणाला काही सांगत नाहीत, पण दोन्ही वेळा बघतात आणि पाटीवर लिहितात. मी इथून पाटी वाचते. बुध ९८.४. गुरू ९८.४. शुक्र ९८.४. आज शनिवार, दोन्ही वेळा ९८.४. रविवारपासून सात दिवस पुरे झाले. दुपारपासून खाट वाजलेली नाही. इथं सोडायचा दिवस सोमवार, ते तुम्हाला ठाऊक आहेच."

खाली आणखी एक ओळ होती. ती महेजबीनच्या मनची नसावी, कारण ती ओळ महेजबीन नेहमी आत्तीनं सांगितल्यावरच लिहायची. विजयमाला नेहमीसारखी तिथं थांबली. मग या वेळी तिनं तीही वाचली. "विजाचं पोट बरं झालं का?"

आबा चरवी धरून उभे होते. म्हशीनं दोनदा पाय आपटला तरी त्यांना कळलं नाही.

"सांगलीची मोटार किती वाजता येती?" त्यांनी विचारलं.

"चारला."

आई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भाकऱ्या थापत राहिली. जेवणं झाल्यावर मात्र तिनं दोन्ही धाकट्या पोरांना उचललं आणि चार घरं सोडून आपल्या बहिणीकडं जाऊन बसली. जाताना देवापुढं दिवा लावला आणि अंगणात बोटांनी पाणी शिंपडून गेली. येणारीसाठी की ती येऊ नये म्हणून, ते विजयमालाला समजलं नाही.

आबांनी बैल जुंपले. पेटीवरची वाकळ काढून गाडीत अंथरली. विजयमालानं साडी घेतली, फडक्यात बांधलेली, आणि वाकळेवर मधोमध ठेवली.

७

मोटार धुरळा उडवत आली. हंबीरराव तिचा कंडक्टर, रोजचा ओळखीचा. गूळवाले उतरले, कोर्टात गेलेली दोन माणसं उतरली, कोंबड्यांची पाटी घेऊन एक बाई उतरली. सगळे उतरले तरी हंबीररावानं दार लावलं नाही. तो दार धरून उभा होता. एक हात पुढं केलेला, आजारी माणूस पायरी उतरताना धरतात तसा. मग त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि धोतराला हात पुसून दार ओढून घेतलं.

आबा गाडीकडे वळले. गाडीवर बसले, कासरा हातात घेतला, थोडं थांबले. एखाद्याला चढायला लागेल तेवढंच. विजयमाला मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. धुरा किंचित उचलली गेली आणि पुन्हा बसली. बैलांनी मान झटकली.

गाडी निघाली. आबा अगदी सावकाश हाकत होते, प्रत्येक खड्डा चुकवत. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, त्याची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. विजयमाला मागं पडत जाणाऱ्या रस्त्याकडे पाहत होती. गाडीत वळून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं नव्हतं. मान वळत नव्हती एवढंच. तिचं मन तिला सांगत होतं, की वाकळ आहे, साडी आहे, आणि बाकी सगळं आपल्याच मनाचं. तेवढ्यात गाडीच्या कडेवरून काहीतरी खाली लोंबताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. हिरवा पदर. बसलेल्या बाईचा लोंबतो तसा, चाकाच्या धुळीत टोक लागत होतं.

फडक्याची गाठ तिनं स्वतः मारली होती. दोनदा.

मग शेजारी, वाकळेवर, थाप पडली. हलकी. आणखी एक.

पायाशी रस्ता मागं पळत होता. उडी मारली असती तर सहज उतरता आलं असतं, आणि आबा काही बोलले नसते.

"विजा," आबा पुढं बघतच म्हणाले. "सरक जरा. तिला जागा कर."

"बसलीया ती, आबा."

आणि विजयमाला सरकली. ज्या जागेवर थाप पडली होती, त्या जागेवर. डोळे तिनं गच्च मिटून घेतले होते.

"माझं पोट दुखत नव्हतं, आत्ती," ती म्हणाली.

आबा बैलांना हळू आवाजात काहीबाही सांगत होते आणि चाकं कुरकुरत होती. तिच्या डाव्या अंगाला, खांद्यापासून कोपरापर्यंत, ऊब लागत होती. जास्त नाही, कमी नाही. निरोगी माणसाच्या अंगाला असते तेवढी.